ससा, पाळीव : गंधखुणा व शौचसवयीतील बिघाड

घरात मोकळ्या वावरणाऱ्या सशाने ठरावीक जागी लघवी व लेंड्या टाकण्याची अंगवळणी पडलेली सवय सोडणे, तसेच लघवी, लेंड्या आणि त्वचेतील ग्रंथींचे स्राव यांच्या साहाय्याने जागेवर आपल्या हक्काच्या खुणा करणे. या दोन गोष्टी बहुधा बरोबरच दिसतात आणि पुष्कळदा एकमेकींची कारणेही असतात. म्हणून येथे त्यांची एकत्र नोंद घेतली आहे.

पाळीव सशांचे सर्व वाण ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या यूरोपीय रानसशापासून निपजले आहेत. हा प्राणी मूळचा आयबेरियन द्वीपकल्पातील असून बिळांच्या वसाहतीत गटाने राहतो. महाराष्ट्रातील माळरानांवर आढळणारा ससा (लेपस निग्रिकॉलिस) वेगळ्या प्रजातीतील आहे. तो वसाहत करून राहत नाही आणि वन्य प्राणी म्हणून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. पुढील माहिती त्याला लागू पडत नाही.

सवयीचे मूळ : रानातील यूरोपीय ससे लेंड्या वाटेल तेथे टाकत असले, तरी वसाहतीच्या परिसरात त्यांचे काही ठरलेले ढीगही असतात. गटातील ससे, विशेषतः वरच्या दर्जाचे नर, या ढिगांवर पुनःपुन्हा येतात. घरातील शौचपेटीचा वापर याच प्रवृत्तीवर उभा आहे. ससा आपण होऊन कोपरा निवडतो आणि पाळणारा तेथे पेटी ठेवतो. शिकवण्याचा भाग एवढाच. त्यामुळे सवय मोडली की ससा हट्टी झाला किंवा सूड उगवतो आहे असे मानणे सर्वस्वी चुकीचे आहे. सशाला ओरडणे, मारणे किंवा त्याचे नाक लघवीत घासणे ही निव्वळ क्रूरता होय. त्याने भीती वाढते, आणि भेदरलेला ससा जास्तच ठिकाणी खुणा करतो.

गंधग्रंथी : या विषयाचा पाया रोमन मिकितोविच यांनी घातला. ऑस्ट्रेलियात 1859 मध्ये सोडलेल्या यूरोपीय सशांची पुढे अफाट वाढ झाली. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी कॅनबेरा येथील सरकारी संशोधन संस्थेत त्यांच्या वर्तनाचा अभ्यास सुरू झाला; मिकितोविच यांचे काम त्यातीलच. उपद्रवी ठरलेल्या प्राण्याविषयी जमवलेले हे ज्ञान आज घरातील सशाला समजून घेण्यास उपयोगी पडते, हे विशेष होय. मिकितोविच यांचा सशांच्या हद्दखुणांवरील सुपरिचित लेख 1968 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तीन ग्रंथींचा विशेष विचार केला : हनुवटीखालील, गुदाजवळील आणि जांघेतील.

हनुवटीखालील ग्रंथीचा स्राव बारीक छिद्रांवाटे बाहेर येतो. ससा हनुवटी पुढे सरकवत दगड, फांदी, बिळाचे तोंड, घरात असल्यास खुर्चीचा पाय, दाराची कड, पुस्तकाचा कोपरा किंवा माणसाचा पाय यांवर ती घासतो. हा वास माणसाला येत नाही. नरात ही ग्रंथी मादीपेक्षा मोठी असते आणि गटातील वरच्या दर्जाच्या नरात सर्वांत मोठी व सर्वाधिक कार्यक्षम असते. खच्चीकरणानंतर नराचे हनुवटी घासणे कमी होते आणि टेस्टोस्टेरॉन दिल्यास पुन्हा वाढते. मादीत ते माजाच्या काळात वाढते, समागमानंतर घटते आणि गाभणपणात व पिले पीत असताना कमीच राहते. वरचढ नरांच्या या स्रावात 2-फिनॉक्सिएथेनॉल हे संयुग आढळले आहे. सुगंधी द्रव्यांत वास टिकवण्यासाठी वापरतात तेच हे संयुग असून, खूण अधिक काळ टिकवणे हेच त्याचे येथेही कार्य असावे.

गुदाजवळील ग्रंथी लेंड्यांना वास देतात. ढिगावरच्या लेंड्यांचा वास इतरत्र विखुरलेल्या लेंड्यांपेक्षा तीव्र असल्याचे आढळले आहे. म्हणजे सशाच्या दृष्टीने सर्व लेंड्या सारख्या नव्हेत. मिकितोविच यांच्या निरीक्षणात, स्वतःचा वास असलेल्या जागेत ससा निर्धास्त वावरतो, तर परक्या वासाच्या जागेत बिचकतो. जांघेतील ग्रंथींचा वास ओळख पटवण्यासाठी उपयोगी पडतो.

रात्री व पहाटे पडणाऱ्या मऊ, घोसासारख्या लेंड्या ससा थेट गुदाजवळून तोंडात घेऊन खातो. त्याच्या पोषणाचा तो आवश्यक भाग आहे. त्या जमिनीवर पडलेल्या दिसल्या तर ती खूण नव्हे. आहारात गवत कमी किंवा दाणा जास्त असणे, स्थूलपणामुळे तोंड तेथवर न पोचणे, यांसारखी कारणे पहावीत.

सवय बिघडण्याची कारणे : सर्वांत मोठे कारण वयात येणे. लहान चणीचे ससे साधारण साडेतीन ते चार महिन्यांत, मोठे त्यानंतर वयात येतात. तोवर पेटी नीट वापरणारा नर अचानक भिंतीवर, गादीवर किंवा जोडीदारावर लघवीचा फवारा मारू लागतो. मादीही फवारते, पण कमी. मादीला खोटी गर्भधारणाही होते. ती सुमारे 16 ते 18 दिवस टिकते आणि त्या काळात मादी छातीचे केस उपटते, घरटे करते व हद्दीबाबत आक्रमक होते.

दुसरा ससा घरात येणे, त्याचा केवळ वास येणे, घर बदलणे, पेटी हलवणे, पाहुण्यांची वर्दळ ही इतर कारणे. पेटी फिनाइलने घासून काढणे हे आपल्याकडे सहज घडते. त्याने सशाला ओळखीचा वासच उरत नाही. पलंग व सोफा यांवर लघवी करण्याची खोड प्रसिद्ध आहे. तिच्या कारणाबाबत मतभेद आहेत.

रोग : मोठे थारोळे, मागचे पाय सतत ओले, कुंथणे किंवा दाट, खडूसारखी लघवी ही लक्षणे हद्दखुणेची नव्हेत. सशाच्या शरीरात आहारातील कॅल्शियम सढळपणे शोषले जाते व जादा भाग मूत्रावाटे जातो, त्यामुळे मूत्राशयात गाळ साचतो. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय या सूक्ष्मजीवाच्या संसर्गाने मूत्रावरील ताबा जाऊ शकतो. वयस्क सशाला संधिवातामुळे पेटीची उंच कड ओलांडता येत नाही. केशरी वा लाल लघवी पुष्कळदा केवळ रंगद्रव्यांमुळे असते. तरी रक्त नाही याची तपासणी करून घ्यावी.

उपाय : निर्बीजीकरण हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. नराच्या बाबतीत परिणाम दिसण्यास काही आठवडे जातात, आणि तेवढा काळ त्याची प्रजननक्षमताही टिकू शकते. मादीचे गर्भाशय काढल्याने वयाबरोबर वाढणारा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही टळतो. हे कारण एकटेही पुरेसे आहे.

पेटी पुरेशी मोठी असावी. तळाशी कागदी किंवा लाकडी गोळ्यांचा थर व एका टोकाला भरपूर वाळलेले गवत ठेवावे, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. मांजरांसाठीची गोळे होणारी माती वापरू नये; ती पोटात गेल्यास आतडे तुंबते. पेटी स्वच्छ करताना थोड्या लेंड्या परत आत ठेवाव्यात. भलत्या जागी केलेली लघवी पांढऱ्या व्हिनेगरने पुसावी. त्याने कॅल्शियमचे डागही निघतात. बिघाड झाल्यास वावराची जागा लहान करून, सवय परत बसली की ती हळूहळू वाढवावी. नव्या सशाच्या आगमनानंतर जागोजागी पडणाऱ्या सुट्या लेंड्या ओळख पक्की झाली की आपोआप कमी होतात.

भारतातील स्थिती : बाजारात ससे बहुधा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, जोडीने आणि फार लहान वयात विकले जातात. सशाच्या तळपायांना गादी नसल्याने जाळीवर जखमा होतात. इतक्या लहान पिलांत नर-मादी ओळखणे अवघड असल्याने दोन माद्या म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघतो, आणि पहिला फवारा हीच अनेकदा त्याची पहिली ओळख असते. गर्भकाळ सुमारे 31 दिवसांचा असून व्याल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून फवारा दिसताच त्याच दिवशी दोघांना वेगळे ठेवावे व सशांवरील शस्त्रक्रियेचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा.