जुन्या मोटारगाडीची काच बदलणे

जुन्या मोटारगाडीची काच बदलणे ही जुन्या वाहनांच्या जीर्णोद्धारातील एक प्रक्रिया आहे. तीत फुटलेली, चरे पडलेली वा धूसर झालेली दर्शनी, मागील किंवा दाराची काच काढून तिच्या जागी योग्य प्रकारची सुरक्षा काच बसवली जाते. आधुनिक मोटारींत दर्शनी काच चिकटद्रव्याने जोडलेली असते. त्याउलट जुन्या वाहनांत ती बहुधा रबरी पट्टीच्या खाचेत धरलेली असते, त्यामुळे कामाची पद्धत वेगळी ठरते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात अशा कामासाठी प्रामुख्याने दोन प्रकारची वाहने आढळतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० व पुढे प्रीमियर पद्मिनी या मोटारी तयार होत. महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत आज फियाट व टाटा यांच्या संयुक्त उपक्रमाचा कारखाना आहे, परंतु पद्मिनीची निर्मिती तेथे झालेली नाही.

शिरूर व दौंड हे तालुके जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. कोरड्या हवेत व कडक उन्हात वर्षानुवर्षे राहिलेले रबर कठीण होते व त्याला भेगा पडतात. अशा वेळी काच शाबूत असली तरी पट्टीतून पाणी झिरपून चौकटीचा पत्रा गंजतो. म्हणून काच बदलताना रबरही बदलणे इष्ट मानले जाते.

काचेचे प्रकार

लॅमिनेटेड काच: काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. फुटल्यावर तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. सपाट लॅमिनेटेड काच हव्या त्या आकारात कापता येते.

टफन्ड काच: ही ६००° सेल्सिअसपेक्षा अधिक तापवून हवेच्या झोताने वेगाने थंड केलेली असते. फुटल्यास तिचे लहान, बोथट तुकडे होतात. एकदा कडक केल्यानंतर ती कापता किंवा छिद्रित करता येत नाही. ही कामे आधीच करावी लागतात.

खिडकीची साधी काच स्वस्त पडते व आकाराने जुळते, म्हणून ती कधी कधी वाहनाला बसवली जाते. ती फुटल्यावर लांब, धारदार तुकडे होत असल्याने अपघातात प्रवाशांच्या जिवास धोका निर्माण होतो.

जुन्या जीपची दर्शनी काच सपाट असल्याने मूळ काचेवरून पुठ्ठ्याचा साचा काढून लॅमिनेटेड काच कापून घेता येते. पद्मिनीची दर्शनी काच वक्र आहे. तशी काच साच्यावरच घडवावी लागते, त्यामुळे त्याच मॉडेलची तयार काच मिळवावी लागते.

दर्शनी काच बसवण्याची पद्धत

प्रथम वायपर व शोभेची पट्टी काढून रबराची आतील कड मोकळी केली जाते. मग आतून समान दाब देऊन जुनी काच बाहेर काढतात. चौकटीवरील गंज खरवडून, पत्रा सरळ करून प्रायमर व रंग दिला जातो. चौकटीत एखादा उंचवटा राहिल्यास नव्या काचेवर एकाच ठिकाणी ताण येऊन ती तडकू शकते.

नवे रबर काचेभोवती चढवल्यावर त्याच्या बाहेरील खाचेत मजबूत दोरी बसवतात व तिची दोन टोके खालच्या बाजूस मध्यभागी एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत सोडतात. रबराला साबणाचे पाणी लावले जाते. रॉकेल किंवा डिझेल वापरल्यास नैसर्गिक रबर फुगून खराब होते. एक व्यक्ती बाहेरून काच दाबून धरते व दुसरी आतून दोरी हळूहळू ओढते; त्यामुळे रबराची कड पत्र्यावर चढत जाते. शेवटी पाण्याचा फवारा मारून गळती तपासतात.

दाराच्या काचा

दाराच्या काचेची खालची कड रबरी पट्टीसह धातूच्या पन्हळीत घट्ट बसवलेली असते व ही पन्हळ काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला जोडलेली असते. नव्या काचेची जाडी मूळ काचेइतकीच असावी लागते. जाड काच मार्गिकेत अडकते, तर पातळ काच खडखडते. कापलेल्या कडा घासून गुळगुळीत केल्या जातात.

कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार वाहनांना सुरक्षा काच आवश्यक आहे. दर्शनी व मागील काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे बंधनकारक आहे. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी मनाई केली.

२०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित झाले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. त्यामुळे दुसऱ्या मॉडेलची काच बसवण्यासाठी खिडकीची चौकट कापल्यास ही मान्यता धोक्यात येऊ शकते. चौकटीला न दुखावता मूळ आकाराची सुरक्षा काच बसवल्यास सुरक्षितता व वाहनाचे मूळ रूप ही दोन्ही राखली जातात.