तांड्यावरील शिक्षक-सेवा : वाशीम जिल्ह्यातील बंजारा मुलांच्या शाळेविषयी

आपल्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणी, तसेच सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिका आम्हाला वारंवार एक प्रश्न विचारतात : काही काळ दुर्गम भागात राहून शिकविण्याची सेवा करावयाची असेल तर कोठे जावे आणि तयारी काय करावी? प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा एक चित्र असते. पूर्व आफ्रिकेतील माळरान, लाल वस्त्रे पांघरलेली मासाई मुले आणि त्यांच्या मध्यभागी खडू हाती घेतलेला पाहुणा शिक्षक. हे चित्र खोटे नाही. परंतु गुरांमागे, कामामागे, ऋतूमागे फिरणारा समाज आणि एका जागी स्थिर असलेली शाळा यांची गाठ कशी घालावी, हा प्रश्न पाहण्यासाठी केनियाला जाण्याचे कारण नाही. तो आपल्या विदर्भातच, वाशीम जिल्ह्यातील तांड्यांवर उभा आहे. म्हणून या लेखात आम्ही त्याच भागाची माहिती देत आहोत.

जिल्हा आणि तांडे

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच, असे इतिहासकार सांगतात. आज मात्र हा सोयाबीन, तूर आणि कपाशीचा, पावसावर अवलंबून असलेला प्रदेश आहे. २०१८ साली केंद्र शासनाने देशातील ज्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि वाशीम त्यांपैकी एक. चर्चच्या रचनेत हा जिल्हा १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान. बंजारा समाज त्यास आपली काशी मानतो व रामनवमीला येथे देशभरातून भाविक लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा वारशाचे संग्रहालय खुले झाले. तांड्यावर शिकवू इच्छिणाऱ्याने प्रथम पोहरादेवी पाहून यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. आपण ज्यांना ‘शिकवायला’ निघालो आहोत त्यांचा स्वतःचा इतिहास किती लांबचा आहे, हे तेथे ध्यानात येते.

बंजारे म्हणजे लमाण. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलूखभर व्यापार करणारे. रेल्वे आली आणि हा व्यापार बसला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया अनेक भटक्या समाजांप्रमाणे यांच्यावरही पडली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. महाराष्ट्रात आज हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींच्या, तर तेलंगणात अनुसूचित जमातींच्या. एकच समाज, पण सीमा ओलांडली की सरकारी ओळख बदलते. कामासाठी राज्याबाहेर जाणाऱ्या कुटुंबांच्या कागदपत्रांचे घोळ येथूनच सुरू होतात. याच समाजातील वसंतराव नाईक हे १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ राज्याचे मुख्यमंत्री होते, हेही विसरता कामा नये. तांडा म्हणजे केवळ दारिद्र्य, अशी समजूत घेऊन जाणारा स्वयंसेवक तांड्याचा पहिल्याच दिवशी अवमान करतो.

वर्गात दोन भाषा

स्वयंसेवकाला सर्वांत अनपेक्षित वाटणारी गोष्ट म्हणजे पहिलीच्या वर्गातील शांतता. मुले लाजाळू असतात असे आपल्याला वाटते. खरे कारण बहुधा वेगळे असते : घरी ती गोरबोली बोलतात आणि वर्गात पुस्तक मराठीचे असते. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात या बोलीचा समावेश नवव्या खंडात, भिल्ली भाषांच्या शेजारी केलेला आहे. तिचे नाते राजस्थानी व गुजरातीशी जवळचे आहे. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत.

आई म्हणजे ‘याडी’. मुलगा ‘छोरा’, मुलगी ‘छोरी’. ‘हे काय आहे?’ हे विचारायचे तर ‘ई कांई छ?’ आता विचार करा : ‘आ’ आईचा, हे शिकविताना ज्या मुलाच्या घरी आई नसून याडी आहे, त्याच्यासाठी अक्षर आणि शब्द दोन्ही नवीनच. त्याने आधी शब्द शिकायचा, मग त्या शब्दाचा पहिला ध्वनी ओळखायचा, मग चिन्ह. मराठी घरातील मूल एक पायरी चढते तेव्हा हे मूल तीन पायऱ्या चढत असते, आणि निकालपत्रात दोघांना एकाच मापाने मोजले जाते. हीच मुले अंगणात खेळताना मात्र किती बोलतात! ‘मूल मंद आहे’ असा शेरा मारण्यापूर्वी ते अंगणात कसे बोलते हे ऐकावे.

म्हणून पहिला महिना शिकविण्यात नव्हे, शिकण्यात घालवावा. मुलांकडूनच शंभर-दीडशे शब्द लिहून घ्यावेत. भांडी, धान्य, गुरे, नाती, अंगाचे अवयव. मग ‘या’ याडीचा असा तक्ता मुलांच्या मदतीने तयार करावा आणि त्यावरून हळूहळू मराठी पुस्तकाकडे यावे. ही काही नवी युक्ती नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथील भाषा आत्मसात केली आणि मगच १६१६ साली छापले गेलेले ख्रिस्तपुराण लिहिले; ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्या भाषेत प्रथम आपण जायचे, ही परंपरा आपल्या घरचीच आहे. बालकांच्या शिक्षण हक्काचा २००९ चा कायदादेखील शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हणतो.

लेंगी गीते आणि तीज हे तांड्याचे दोन मोठे ठेवे आहेत. लेंगी होळीची. तीज श्रावणातील, कुमारिका टोपल्यांत गहू पेरून, त्याला रोज पाणी घालून तो उगवतात. अंकुर कसा फुटतो, किती दिवसांत किती वाढतो, हा विज्ञान व गणिताचा धडा ज्या मुली दरवर्षी स्वतः करतात, त्यांना तो चित्रावरून शिकविण्याची काय आवश्यकता?

दसऱ्यानंतरचा रिकामा तांडा

आता मुख्य अडचणीकडे येऊ. खरिपाची सुगी संपली की तांड्यांवरील अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला, काही वीटभट्ट्यांवर, काही पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून पावसाळ्यातच ‘उचल’ घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परतणे नाही. मूल सोबत गेले तर ते कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते, थोडे मोठे झाले की मोळ्या बांधू लागते. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेच्या वर्षाचा अर्ध्याहून अधिक भाग गेला. हजेरीपटावर नाव आहे, बाकावर मूल नाही.

आमच्यातील काही जणांनी मानोरा तालुक्यातील एका तांड्यावर सेवा करण्याचे ठरविले तेव्हा ही गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. आम्हाला सवड केव्हा? दिवाळीच्या सुटीत, नाताळाच्या आठवड्यात आणि मे महिन्यात. दिवाळीत गेलो तर अर्ध्या घरांना कुलपे आणि उरलेल्या घरांत बोचकी बांधणे चाललेले. मे महिन्यात माणसे परतलेली, पण शाळा बंद, ऊन चाळिशीच्या वर आणि मुले लग्नघरांत. आमच्या सोयीचा एकही दिवस त्यांच्या उपयोगाचा नव्हता. सोबत नेलेली रंगीत पुस्तके एका कपाटात ठेवून आम्ही परतलो. पुढच्या खेपेस ती तशीच होती.

याबाबत मासाई भागातील अनुभव वेगळा नाही. केनियाने २००३ साली प्राथमिक शिक्षणाचे शुल्क रद्द केले, तरी पाऊस हुकला की गुरे हलतात, आणि गुरांबरोबर गुराखी मुलेही. युरोप-अमेरिकेतून दोन-चार आठवड्यांसाठी येणारे हौशी शिक्षक मात्र आपल्या सुटीच्या तारखांनुसार येतात. याउलट, टांझानियातील लोलियोंडो येथे मासाईंमध्ये राहिलेले स्पिरिटन धर्मगुरू व्हिन्सेंट डोनोव्हन एकेका वस्तीवर जाऊन प्रौढांशी बोलत बसत. त्यांचे अनुभवकथन १९७८ साली प्रसिद्ध झाले. तो विषय शाळेचा नव्हे, परंतु आधी ऐकून घेण्याची ती पद्धत शिक्षकालाही उपयोगी पडावी अशी आहे.

मग काय करता येते? मूल मागे राहू शकले, तर बरेच काही. शासनाच्या हंगामी वसतिगृह योजनेत, आई-वडील स्थलांतरित झाले तरी मूल आजी-आजोबांकडे गावातच राहते आणि त्याच्या जेवणाची सोय केली जाते. आजीला डोळ्यांनी दिसत नाही, आजोबांना चालवत नाही. सायंकाळी पाच ते आठ ही वेळ अशा मुलांची सर्वांत एकाकी वेळ असते. स्वयंसेवकाची खरी गरज तेथे आहे : अभ्यास, गोष्टीचे पुस्तक, गृहपाठ, आणि आई-वडिलांना आठवड्यातून एकदा दूरध्वनी. मूल सोबत जाणारच असेल तर शाळेकडून ‘शिक्षण हमी पत्रक’ मिळवून द्यावे. ते दाखविल्यास दुसऱ्या ठिकाणच्या शाळेत त्याला बसता येते. साखर कारखान्यांच्या परिसरात चालविलेल्या साखरशाळांनी हाच मधला काळ सांधण्याचा प्रयत्न केला होता. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीच्या निवासी आश्रमशाळा हा आणखी एक पर्याय आहे, मात्र सहा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडावे काय, याचे उत्तर त्याच्या याडीनेच द्यावयाचे आहे.

प्रत्यक्ष जाण्यापूर्वी

जिल्हा परिषद शाळेत नियमित शिक्षक होण्यासाठी शिक्षणशास्त्राची पदविका व शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक असते. ही परीक्षा महाराष्ट्रात प्रथम २०१३ साली झाली. स्वयंसेवक म्हणजे तो शिक्षक नव्हे, आणि त्याची जागा घेण्याचा प्रयत्नही करू नये. आपण फुकट शिकवितो म्हणून रिक्त पद भरले गेले नाही, तर आपण मुलांचे नुकसान केले असे होते. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीची लेखी संमती घ्यावी, गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे. त्याच्याही आधी तांड्याच्या नायकांना व कारभाऱ्यांना भेटावे. तेथे खाली बसावे, चहा घ्यावा, आणि कामाचे त्या दिवशी बोलले नाही तरी चालेल.

मुलांच्या सुरक्षेबाबत कोणतीही सवलत नाही. पोलीस पडताळणीचा दाखला सोबत असावा. बंद खोलीत एकट्या मुलासोबत थांबू नये. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत. २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा प्रत्येकाने वाचून जावा. मुलांची छायाचित्रे धर्मग्रामाच्या फलकावर किंवा संकेतस्थळावर लावण्यासाठी काढू नयेत.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण ती आम्हाला तांड्यावरही विचारली गेली. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आपण तेथे वाचन, लेखन व गणितासाठी जातो. सेवाभायांच्या नावाने तांड्यावर भोग लागतो तेव्हा आदराने उभे राहावे, आपल्याविषयी विचारले तर आपण ख्रिस्ती आहोत हे सरळ सांगावे. लपविल्याने संशय वाढतो, हे आम्ही पाहिले आहे.

किती काळ राहावे? आमच्या मते एका पेरणीपासून दुसऱ्या पेरणीपर्यंत. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हापासून दसऱ्यापर्यंत भाषेचे काम, हंगामात मागे राहिलेल्या मुलांची सायंशाळा आणि मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्यांची उजळणी असे वर्ष पुरते. ज्यांना एवढा काळ देता येत नाही, त्यांनी स्वतः जाण्यापेक्षा तांड्यावरीलच बारावी झालेल्या एखाद्या मुलीच्या मानधनाची व पदविकेच्या शुल्काची जबाबदारी आपल्या धर्मग्रामाने घ्यावी, यासाठी खटपट करावी. तिला गोरबोली येते, ती सुटीत निघून जात नाही आणि दसऱ्याला कोणत्या घरचे बोचके बांधले जाणार हे तिला श्रावणातच ठाऊक असते. हा पर्याय आम्हाला उशिरा सुचला. पहिल्या क्रमांकावर तोच असावयास हवा होता.

निघताना प्रत्येक मुलामागे एक पान लिहून ठेवावे : कोणती अक्षरे येतात, बेरीज कोठवर आली, कोणती गोष्ट आवडते, आई-वडील कोणत्या भागात कामाला जातात. एक प्रत शाळेत द्यावी. दुसरी प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हमी पत्रकासोबत, मुलाच्या याडीच्या हाती द्यावी. कोपीत पाणी गळते.