चहाडी आणि वर्दी

चहाडी आणि वर्दी हे दोन्ही शब्द मराठींत जुने आहेत, आणि वरवर पाहतां दोहोंचा अर्थ एकच : एकाचें कृत्य दुसऱ्याच्या कानीं घालणें. तरी पण चहाडखोर ही शिवी आहे, आणि वर्दी देणारा मात्र आपलें नेमलेलें काम करीत असतो. भेद कृत्याचा नसून अधिकाराचा आहे. वर्दी कोणीं द्यावयाची हें गांवानें व सरकारानें ठरवून दिलेलें असे. ज्याच्याकडे तें काम नाहीं त्यानें तेंच केलें कीं ती चहाडी झाली. या व्यवस्थेंत शाळामास्तर कोणत्या बाजूस होता, आणि आतां कायद्यानें त्यास कोणत्या बाजूस आणून बसविलें आहे, हें पाहण्याचा येथें विचार आहे. गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांतील शाळांतून मुलींवरील अत्याचाराच्या ज्या घटना उघडकीस आल्या, त्यांच्या मुळाशीं अपराध्याच्या दुष्टपणाइतकेंच शेजारच्या माणसांचें मौनहि आहे, हें मनांत बाळगून वाचकांनीं पुढील हकीकत वाचावी.

इंग्रजी अमदानींत वर्दीचें शास्त्र फार काळजीपूर्वक रचलें गेलें. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याचें ४५ वें कलम पाटील, गांवचा हिशेबनीस, जागल्या आणि जमिनीचा मालक यांच्या गळ्यांत तें जोखड घालतें : गांवांत नामांकित चोर येऊन राहिला, कोणी अकस्मात् अथवा संशयास्पद रीतीनें मेला, तर त्यांनीं ताबडतोब कळविलें पाहिजे. त्याच्या आधींचें ४४ वें कलम तर सर्वच प्रजाजनांस लागू होतें. सरकाराविरुद्ध युद्ध, खून, दरोडा, आग लावणें, रात्रीची घरफोडी यांची बातमी ज्यास लागेल त्यानें ती दिलीच पाहिजे. यादी लांबलचक आहे. परंतु तींत बलात्काराचें कलम नाहीं. स्वराज्य आलें, १९७३ मध्यें तो कायदा नव्यानें लिहिला गेला, ४४ चें ३९ झालें, यादींत कांहीं भरहि पडली. पण ती उणीव तशीच राहिली. म्हणजे मुलीच्या घराची कडी कोणीं रात्रीं तोडली तर शेजाऱ्यानें चौकी गांठणें भाग होतें. त्याच मुलीवर अत्याचार झाला तर शेजारी गप्प बसावयास मोकळा होता. मालमत्तेची चिंता राज्यकर्त्यांनीं वाहिली आणि अब्रूची चिंता कुटुंबावर सोंपविली, असाच याचा अर्थ नव्हे काय? १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीं आपल्याकडे जें रण माजलें तें सरकारानें घराच्या उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकावें कीं नाहीं यावरून. शाळेच्या उंबरठ्याविषयीं त्या वेळीं प्रश्नच उद्भवला नाहीं. मुळांत शाळेंत जाणाऱ्या मुलीच मूठभर होत्या.

पंतोजी तर या सर्व योजनेच्या बाहेरच होता. त्याच्यावर नजर ठेवावयास डेप्युटी येत; पण त्यांचें लक्ष हजेरीपट, मुलांची संख्या, परीक्षेचा निकाल आणि इमारतीचें छप्पर यांवर. शेरेबुकांतील शेरे बहुधा याच चार वस्तूंभोंवतीं फिरत. पुढें खासगी शाळा वाढल्या आणि त्यांतील नोकरांसाठीं महाराष्ट्र सरकारानें १९७७ चा कायदा व १९८१ चे नियम केले. गैरवर्तन म्हणजे काय, नैतिक अधःपात म्हणजे काय, हें तेथें नमूद केलेलें आहे. परंतु त्या नियमांचा रोंख शिक्षकाच्या स्वतःच्या वर्तनाकडे आहे. स्वतः सदाचारी असून शेजारच्या खोलींतील दुराचाराकडे पाठ फिरविणारा जो मोठा वर्ग सर्व संस्थांतून आढळतो, त्याच्यासाठीं जुन्या नीतिशास्त्रांत वेगळें नांव नाहीं. त्यास सज्जनच म्हणण्याची आपली वहिवाट आहे. इंग्रजी शिक्षणानें या बाबतींत आपणांस फारसें सुधारलें नाहीं. टॉमस ह्यूज याच्या 'टॉम ब्राऊन्स स्कूल डेज' (१८५७) या पुस्तकानें गाजविलेल्या शाळेंतहि मास्तरांकडे जाऊन सांगणें हें हलकेपणाचें लक्षणच ठरलेलें होतें.

गांवच्या शाळेंत मूल पांच तास असतें व सायंकाळीं आईजवळ परत येतें, तोंपर्यंत या मौनाची झळ मर्यादित होती. आश्रमशाळांनीं हा हिशेब बदलला. ठक्करबाप्पांनीं १९२२ मध्यें पंचमहालांत भिल्ल सेवा मंडळ स्थापून आदिवासी मुलांसाठीं आश्रम काढले. महाराष्ट्रांत पुढें सरकारी व अनुदानित आश्रमशाळांचें जाळें पसरलें. हेतु निःसंशय उदात्त होता, आणि या शाळांतून शिकून वर आलेलीं माणसें आज सर्वत्र दिसतात. पण जेथें शाळा हेंच घर झालें तेथें अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार हींच मुलाचीं वडीलधारीं माणसें झालीं, आणि सांगावयाचें झाल्यास सांगावयाचें कोणास, हा प्रश्न उभा राहिला.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास पैनगंगेच्या कांठीं झरी जामणी हा तालुका आहे. मुकुटबन, पाटण हीं त्यांतील मोठीं गांवें. नदीपलीकडे तेलंगण. येथें कोलाम, गोंड, परधान यांची वस्ती आहे, आणि कोलामांचे पोड मुख्य गांवापासून अंतर राखून वसलेले असतात. पोडाचा नाईक, त्याचा शब्द, पोडाची पंचायत ही एक स्वतंत्र दुनिया आहे. घरांत बोलली जाते ती कोलामी. ती तेलुगु-गोंडीच्या कुळांतील भाषा, मराठीच्या नव्हे. पहिलींत बसलेल्या कोलाम मुलास मास्तरांची मराठी ही दरबारी भाषा वाटावी यांत नवल नाहीं.

या तालुक्याचें नांव वृत्तपत्रांतून वारंवार आलें तें कुमारी मातांच्या प्रश्नामुळें. बाहेरून आलेल्या ठेकेदारांनीं व व्यापाऱ्यांनीं लग्नाचें आमिष दाखवून फसविलेल्या या मुली, कित्येक अल्पवयीन. पाहणी झाल्या, मंत्री आले, पुनर्वसनाच्या योजना निघाल्या. माझ्या मतें या साऱ्या चर्चेंत एक गोष्ट निसटली. मुलगी शाळेंतून नाहींशी झाली हें सर्वांआधीं कळतें तें हजेरीपटास. मास्तर नांवापुढें गैरहजेरीची खूण करितो, महिन्याच्या अखेरीस बेरीज मांडतो, आणि कांहीं महिन्यांनीं नांव कमी होतें. पूर्वींच्या कायद्याप्रमाणें त्यानें याहून अधिक कांहीं करण्याचें कारण नव्हतें. दयेचा विषय झालेली ही गोष्ट मूळची गुन्ह्याची आहे, आणि गुन्ह्याची पहिली खूण शाळेच्या कागदावर उमटलेली असूं शकते, हें कोणीं बोलून दाखविलें नाहीं.

२००७ मध्यें केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक उपद्रव सोसल्याचें सांगितलें. उपद्रव देणारा पुष्कळदां ओळखीचा, विश्वासांतला, आणि बहुतेक मुलांनीं ती गोष्ट कोणाकडेहि बोलून दाखविलेली नव्हती. नंतर २०१२ चा बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा आला, ज्यास सर्वत्र 'पॉक्सो' म्हणतात. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो अमलांत आहे. त्याच्या १९ व्या कलमानें वर्दीचें काम पाटील-जागल्यांकडून काढून प्रत्येक माणसाकडे दिलें. असा गुन्हा घडल्याचें ज्यास ठाऊक आहे, किंवा घडेल अशी ज्यास भीति वाटते, त्यानें पोलिसांस कळविलें पाहिजे. न कळविल्यास २१ व्या कलमाखालीं सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवील तर वर्षापर्यंत. मुलास मात्र ही शिक्षा नाहीं. प्रमुखास दुप्पट शिक्षा ठेवण्यांत कायदेकर्त्यांनीं मनुष्यस्वभाव नीट ओळखला, असें मला वाटतें.

येथें एक बारकावा आहे, व शिक्षकवर्गांत त्याविषयीं अजून घोटाळा दिसतो. हेडमास्तरांच्या कानीं घातलें म्हणजे आपण सुटलों, अशी समजूत आहे. कायदा तसें म्हणत नाहीं. वर्दी पोलिसांकडे किंवा त्यांच्या बालकांसाठींच्या विशेष पथकाकडे गेली पाहिजे. हेडमास्तर, संस्थाचालक, पालक-सभा हे टप्पे त्यांत नाहींत. तसेंच गुन्हा खरा कीं खोटा याची चौकशी शाळेनें आधीं करावी असेंहि तेथें कोठें लिहिलेलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें महाराष्ट्रांतीलच शंकर किसनराव खाडे याच्या खटल्याचा निकाल देतांना, शाळा, वसतिगृहें इत्यादि संस्था चालविणाऱ्यांनीं अशी गोष्ट कळतांच गुप्तता राखून पोलिसांस कळवावी, असें बजावलें. तरीहि २०१६ च्या नोव्हेंबरांत बुलढाणा जिल्ह्यांतील पाळा येथील आश्रमशाळेंत जें घडलें तें बाहेर आलें तें मुलगी दिवाळीच्या सुटींत घरीं गेली तेव्हां. शाळेच्या चार भिंतींतून वर्दी निघाली नाहीं. ती आईच्या मांडीवरून निघाली.

वणीच्या पूर्वेस वर्धा नदी ओलांडली कीं चंद्रपूर जिल्हा लागतो. तेथील राजुरा येथें २०१९ मध्यें एका शाळेच्या वसतिगृहांतील लहान आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आला; तपासांत अशा सतरा मुली असल्याचें दिसून आलें. त्या वसतिगृहांतील मुलींवर उपचार करण्यासाठीं नेमलेल्या डॉक्टरावरहि गुन्हा नोंदविण्यांत आला. त्याच्यावर आरोप अत्याचाराचा नव्हता, कळूनहि न कळविल्याचा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ मध्यें त्याच्यापुरता तो गुन्हा रद्द ठरविला. त्यास माहिती होती असें दाखविणारा पुरावा नाहीं, असा विचार त्यामागें होता. सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें. २ नोव्हेंबर २०२२ रोजीं न्या. अजय रस्तोगी व न्या. सी. टी. रविकुमार यांनीं तो निर्णय फिरविला. मुलींच्या जबाबांत डॉक्टराचा उल्लेख आहे, तो पारखावयाचा तर खटल्यांत. आरंभींच खटल्याचा गळा दाबणें योग्य नव्हे, असें त्यांनीं म्हटलें. माहीत असून न कळविणें हा गंभीर गुन्हा असून बहुधा तो अपराध्यास पाठीशीं घालण्याचाच प्रयत्न असतो, हेंहि त्यांनीं स्पष्ट केलें. त्या निकालानें आरोपी दोषी ठरला नाहीं, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. खटला चालला पाहिजे एवढेंच ठरलें. पण गप्प बसणें हें प्रतिष्ठेचें लक्षण न राहतां न्यायालयांत उत्तर देण्याची बाब झाली, ही मोठी घटना आहे.

मग माणसें अजून गप्प कां बसतात? बदलापूर हें कांहीं पैनगंगेकांठचें रान नव्हे. लोकलगाड्यांचें शहर आहे. तेथेंहि २०२४ च्या ऑगस्टांत बालवर्गांतील दोन मुलींच्या प्रकरणीं लोकांनीं रुळांवर उतरून दिवसभर गाड्या अडविल्या तेव्हां राज्य हललें, आणि न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवर गुन्हे नोंदले गेले. दुष्टपणा हें उत्तर पुरेसें नाहीं. ज्याच्याविरुद्ध बोलावयाचें तो पुष्कळदां संस्थेचा माणूस, आणि बोलणाऱ्याची भाकर संस्थेच्या हातीं. प्रामाणिकपणें वर्दी देणारावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येणार नाहीं, असें १९ व्या कलमांत वचन आहे. परंतु बदली, बढती अडकणें, कंत्राट न वाढणें या दिवाणी-फौजदारीच्या बाहेरच्या शिक्षा आहेत, आणि शिक्षणसेवक असो कीं रोजंदारीचा स्वयंपाकी, तो याच शिक्षांस भितो. केवळ कैदेचा धाक वाढवून हें भय जात नाहीं. दोन भयांपैकीं जें जवळचें असेल तेंच जिंकतें. मुलांची निगा ज्यांच्याकडे सर्वांत अधिक, त्या कामाठी-स्वयंपाक्यांची नोकरी सर्वांत कच्ची असावी ही आपल्या व्यवस्थेंतील विपरीत गोष्ट आहे.

सरकारानें उपाय केले नाहींत असें नाहीं. तक्रारपेट्या आल्या; २०२२ मध्यें शाळाशाळांतून सखी सावित्री समित्या नेमण्याचें ठरलें; बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या आदेशानें, कांहीं अनुचित घडल्यास चोवीस तासांचे आंत शिक्षणाधिकाऱ्यास कळविण्याचें बंधन आलें. हें शेवटचें बंधन पोलिसांकडील वर्दीच्या ऐवजीं नव्हे, तिच्या जोडीला आहे. पण खात्यास कळविलें म्हणजे झालें, असा त्याचा सोयीचा अर्थ लावला जाण्याचा धोका आहेच.

आणि तक्रारपेटी जिला मराठी लिहितां येतें तिच्यासाठींच आहे. झरी जामणीच्या पोडावरून आलेल्या सात वर्षांच्या मुलीनें त्या पेटींत काय टाकावें? पॉक्सोच्या १९ व्या कलमांतच एक लहानसें पोटकलम आहे. जबाबाची भाषा मुलास समजत नसेल तर दुभाषी दिला पाहिजे, आणि तो त्या कामास योग्य व अनुभवी असला पाहिजे. कोलामी आणि मराठी दोन्ही जाणणारा माणूस बहुधा त्याच पोडांतला, कदाचित् त्याच शाळेंत स्वयंपाक करणारी बाई. मुलीचे शब्द प्रथम तिच्याच कानीं पडावयाचे, आणि पाटणच्या किंवा मुकुटबनच्या ठाण्यापर्यंत ते तिनेंच न्यावयाचे. तिची नेमणूक कायम आहे काय, तिला ठाण्यापर्यंतचें गाडीभाडें कोण देतो, आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिला स्वयंपाकघरांत कोण येऊं देतो, याची नोंद अजून कोणत्याहि शेरेबुकांत होत नाहीं.