पदरचे मत: पत्रकारितेतल्या एका दंडकाचा इतिहास

बातमीत पदरचे मत घालू नये, हा दंडक पत्रकारितेइतका जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील पुष्कळशी पत्रे उघडपणे कुठल्या तरी पक्षाची असत. 1846 मध्ये न्यूयॉर्कच्या काही वृत्तपत्रांनी मिळून असोसिएटेड प्रेस उभारली. तिचा मजकूर पुढे परस्परविरोधी मतांच्या पत्रांतही जाऊ लागला. तो कोणालाच खटकता कामा नये, यात नीतीइतकाच धंद्याचा हिशेब होता. 1921 मध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’च्या शताब्दीला संपादक सी. पी. स्कॉट यांनी मताला मोकळीक दिली, पण वस्तुस्थितीला धक्का लागू नये असे बजावले. तोवर अग्रलेख एका पानावर आणि बातमी दुसऱ्यावर, ही वाटणी बरीच रुळली होती.

मराठीत वळण वेगळे पडले. 1881 मध्ये पुण्यात ‘केसरी’ निघाला तोच मुळी मत मांडण्यासाठी. पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांचा समाजसुधारणेचा आग्रह टिळकांना आणि इतर काही सहकाऱ्यांना मानवेना. पत्र सर्वांचे आणि लेखणी एकाची, असा तो पेच होता. 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. मत जुळेना म्हणून स्वतःचे पत्र काढणे हा खर्चाचा मार्ग होता. पण कोण कोणाच्या वतीने बोलतो, याबद्दल वाचकाला शंका उरत नसे.

2006 मध्ये ट्विटर आले आणि असे पत्र प्रत्येक बातमीदाराला फुकट मिळाले. 2010 च्या जुलैत सीएनएनच्या मध्यपूर्वविषयक ज्येष्ठ संपादक ऑक्टाव्हिया नस्र यांनी लेबनॉनचे शिया धर्मगुरू फदलल्ला यांच्या निधनावर आदर व्यक्त करणारे ट्वीट केले. आदर फदलल्लांच्या स्त्रीविषयक भूमिकेपुरता होता, असा खुलासा त्यांनी नंतर सविस्तर केला. 140 अक्षरांत तो मावला नव्हता. काही दिवसांतच त्यांची नोकरी गेली.

बीबीसीने ऑक्टोबर 2020 मध्ये नियम कडक केले. वृत्तविभागातील कोणीही राजकारणावर किंवा वादग्रस्त विषयावर वैयक्तिक मत देऊ नये. इमोजीतूनही कल उघड होऊ शकतो, याचे भान ठेवावे. ‘मते वैयक्तिक आहेत’ ही खात्यावरची पाटी बचाव ठरणार नाही, हेही बजावले. ही पाटी तशी कधीच कोणाला पटलेली नव्हती.

नियमाची खरी परीक्षा वृत्तविभागाबाहेर झाली. मार्च 2023 मध्ये बीबीसीवरील फुटबॉलचे निवेदक गॅरी लिनेकर यांनी ब्रिटिश सरकारच्या आश्रयार्थीविषयक धोरणाची भाषा 1930 च्या दशकातील जर्मनीची आठवण करून देणारी आहे, असे ट्वीट केले. त्यांना पडद्यावरून दूर केले, तेव्हा सहकारी आणि समालोचकही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 11 मार्चला त्यांचा ‘मॅच ऑफ द डे’ हा कार्यक्रम निवेदकाविना, समालोचनाविना, जेमतेम वीस मिनिटांत आटोपला. दोनच दिवसांत बीबीसीने माघार घेतली. लिनेकर पत्रकार नव्हते, नोकरदारही नव्हते. त्यांना वृत्तविभागाच्या मापाने मोजणे चुकीचेच होते.

सप्टेंबर 2023 च्या नियमांनी हा भेद मान्य केला. मोठ्या कार्यक्रमांच्या निवेदकांना सार्वजनिक प्रश्नांवर मत देता येईल, असे ठरले. मात्र कार्यक्रम सुरू असताना आणि त्याच्या आगेमागे दोन आठवडे त्यांनी राजकीय पक्षाचा प्रचार करायचा नाही की पक्षावर हल्ला चढवायचा नाही. वृत्तविभागातील पत्रकारांवरचे बंधन कायम राहिले.