पत्त्याची चिठ्ठी : एका लहान सुधारणेचा इतिहास

व्यापारी आपल्या मालाबरोबर स्वतः प्रवास करीत असे, तोंपर्यंत मालानें आपली ओळख सांगण्याची फारशी गरज नव्हती. तांड्याचा नायक बैल ओळखी, गोणी ओळखी, आणि कोणती गोणी कोणाच्या दारीं उतरावयाची हेंही त्याला तोंडपाठ असे. पुढें आगगाडी आली. माल एका हातांतून दुसऱ्या हातांत आणि दुसऱ्यांतून तिसऱ्या हातांत जाऊं लागला. पाठविणारा व घेणारा यांच्यामध्यें शेंकडों मैलांचें अंतर आणि डझनभर अनोळखी माणसें उभीं राहिलीं. अशा वेळीं मालाच्या वतीनें बोलणारें एकच कोणी उरलें. तें म्हणजे त्याला बांधलेली पत्त्याची चिठ्ठी. ती वाटेंत गळून पडली, कीं माल मुका झाला. मग तो कितीही मोलाचा असो, कोठल्या तरी गुदामाच्या कोपऱ्यांत धूळ खात पडणें एवढेंच त्याच्या नशिबीं उरे.

इंग्रजी व्यवहारांत ह्या चिठ्ठीस 'टॅग' म्हणतात. डकवावयाच्या लेबलाहून ती निराळी. ही दोऱ्यानें बांधावयाची असते. तिला आज जें रूप आहे, तें अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, गेल्या शतकाच्याही मागच्या शतकांत लाभलें. त्या काळीं त्या देशांत दळणवळण विलक्षण वेगानें वाढत होतें. १८३९ सालीं विल्यम हार्नडेन या गृहस्थानें बोस्टन व न्यूयॉर्क या शहरांच्या दरम्यान लोकांचीं पुडकीं पोंचविण्याचा धंदा काढला, तेव्हां त्याचा सारा माल एका हातपिशवींत मावत असे. १८४० सालीं अमेरिकेंत रेल्वेचे रस्ते सुमारें २,८०० मैल होते. १८६० सालीं ते ३०,००० मैलांवर गेले. हार्नडेनला आपल्या पिशवींतील प्रत्येक पुडकें कोणाचें हें ठाऊक होतें. तीस हजार मैलांच्या जाळ्यांत काम करणाऱ्या हमालास तें ठाऊक असणें शक्य नव्हतें.

लाकडी पेटीवर किंवा पिंपावर कुंचल्यानें व शाईनें खूण करतां येई, आणि ती टिकेही. परंतु सर्वच माल पेट्यांतून जात नाहीं. यंत्राचा सुटा भाग, दोरखंडाचें वेटोळें, लोखंडी सळयांची मोळी, खुर्ची, नांगराचा फाळ यांवर पत्ता लिहावयाचा कोठें? अशा मालाला चामड्याचा, चर्मपत्राचा किंवा कापडाचा तुकडा बांधीत. पण तो महाग पडे. साधा कागद स्वस्त खरा, पण त्याचें दुखणें सर्वांस परिचित होतें. चिठ्ठी फाटे ती नेमकी एकाच जागीं, दोरा ओवण्याच्या भोंकाशीं. बाकीचा कागद कोरा करकरीत असला तरी त्याचा कांहीं उपयोग नसे.

असें कां होई, हें समजण्यास मोठें गणित लागत नाहीं. चिठ्ठी ओढली गेली कीं सारा ताण दोऱ्यावर येतो, आणि दोरा तो भोंकाच्या वरच्या काठावर, जेमतेम दोऱ्याच्या जाडीएवढ्या जागेवर टाकतो. शिवाय गाडीच्या हिसक्यांनीं दोरा मागेंपुढें घासत राहतो, आणि करवतीनें लांकूड कापावें तसा कागदाचा काठ कापीत जातो. त्यांत पाऊस लागला कीं कागदाचे तंतु सैल होतात, आणि उरलेलें बळही जातें. एकदां काठाला चीर पडली, कीं पुढचें फाटणें क्षणाचें काम.

ही अडचण दूर करण्याचें श्रेय डेनिसन घराण्याकडे जातें. ह्या घराण्याचा मूळ पुरुष अँड्र्यू डेनिसन हा मेन संस्थानांतील ब्रन्सविक गांवीं जोडे शिवण्याचा धंदा करी. त्याचा मुलगा ॲरन हा बोस्टन येथें घड्याळांच्या व दागिन्यांच्या धंद्यांत होता. दागिने ठेवावयाच्या लहान पेट्या तेव्हां युरोपांतून येत, आणि त्यांचें काम त्याला समाधानकारक वाटत नसे. १८४४ सालीं त्यानें पुठ्ठा आणून वडिलांच्या स्वाधीन केला, आणि घरच्या मंडळींच्या हातांनीं ब्रन्सविक येथें पेट्या तयार होऊं लागल्या. पुठ्ठा कापण्याचें एक साधें यंत्रही ॲरननें योजलें. त्याचें मन मात्र घड्याळांत गुंतलेलें होतें. एकाच घडणीचे, परस्परांत बदलतां येणारे भाग यंत्रानें करून घड्याळें बनविण्याचा उद्योग त्यानें पुढें रॉक्सबरी व वॉल्थम येथें उभारला, आणि अमेरिकन घड्याळांच्या धंद्याचा जनक म्हणून तो प्रसिद्धीस आला. कागदाचा धंदा त्याचा भाऊ एलिफॅलेट ह्यानें हातीं घेतला. पेट्यांच्या जोडीस जवाहिऱ्यांच्या वस्तूंना लावावयाच्या किंमतीच्या चिमुकल्या चिठ्ठ्या तो करूं लागला, आणि त्यांतूनच मोठ्या मालाच्या चिठ्ठीकडे त्याचें लक्ष वळलें.

१८६३ सालीं एलिफॅलेट डेनिसन ह्यानें आपल्या सुधारणेचें पेटंट घेतलें. सुधारणा ऐकतांना हंसूं यावें इतकी साधी होती. भोंकाच्या दोन्ही बाजूंस कागदाची एकेक वाटोळी चकती डकवावयाची, आणि मग भोंक त्या चकत्यांच्या मधोमध येईल असें ठेवावयाचें, एवढेंच तें. पण त्या एवढ्यांत फार मोठी समज आहे. चिठ्ठी फाटते म्हणून सारा कागद जाड करावा, हा पहिला विचार कोणाच्याही मनांत येईल. तसें केल्यास खर्च वाढतो, वजन वाढतें, आणि जेथें बळाची गरजच नाहीं तेथें तें फुकट जातें. डेनिसननें ताण कोठें पडतो तें पाहिलें, आणि तेवढ्याच जागीं कागद तिप्पट केला. दोऱ्याचा ताण चकतीच्या साऱ्या घेरावर पसरतो, आणि मग तो मूळ कागदावर हलकेच उतरतो. परटाकडून येणाऱ्या सदऱ्याच्या काजाभोवतीं शिंप्यानें घातलेले टांके जें काम करतात, तेंच काम ही चकती करते. ह्या चिठ्ठ्यांचा खप पाहतां पाहतां लक्षावधींवर गेला, आणि पेट्यांचा तो घरगुती धंदा देशांतील एक मोठा कारखाना बनला.

चकतीइतकेंच महत्त्व कागदालाही होतें. अशा चिठ्ठ्यांसाठीं ज्या पिंवळसर, चिवट कागदाची ख्याति झाली त्यास 'मनिला' कागद म्हणतात. फिलिपाइन बेटांत केळीच्या जातीचें एक झाड होतें. त्याच्या लांब तंतूंचे दोरखंड जहाजांवर वापरीत. १८३७ च्या मंदीनंतर अमेरिकेंतील कागद-गिरण्यांस चिंध्यांचा तुटवडा भासूं लागला, तेव्हां मॅसॅच्युसेट्समधील होलिंग्सवर्थ बंधूंनीं जुनीं शिडें व दोरखंड कुटून कागद करण्याची रीति काढली, आणि १८४३ सालीं तिचें पेटंट घेतलें. तंतु जितका लांब, तितका कागद फाटण्यास कठीण. ज्या दोरांनीं समुद्रावर शिडें ताणून धरलीं, त्यांच्याच तंतूंनीं पुढें जमिनीवर मालाचा पत्ता धरून ठेवावा, हा योग मोठा मौजेचा आहे. आतां हा कागद बहुतेक लांकडाच्या लगद्याचाच होतो. नांव आणि रंग मात्र जुनाच राहिला आहे.

पुढील सुधारणा लहान लहान होत्या, पण प्रत्येकीस कारण होतें. चिठ्ठीचे वरचे दोन कोपरे तिरपे कापले, कारण काटकोनी कोपरा कोठेंही अडकतो, दुमडतो आणि तेथूनच कागद सोलला जातो. कागदास सरसाची खळ किती द्यावी, ह्याचाही विचार झाला. ती कमी पडली तर शाई फुटते, आणि फार झाली तर अक्षर वर तरंगत राहून बोटानें पुसलें जातें. चकतीसाठीं मूळ कागदाहून चिवट कागद घेऊं लागले. फार जड मालासाठीं भोंकांत धातूची कडी बसविली, आणि पावसापाण्यांतून जाणाऱ्या मालासाठीं कागदास कापडाचें अस्तर दिलें. मापेंही ठरलीं. आजही अमेरिकेंत पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी २¾ इंच लांब व १⅜ इंच रुंद असते. पुढच्या प्रत्येक क्रमांकास लांबींत अर्धा इंच व रुंदींत पाव इंच वाढत जाऊन आठवा क्रमांक ६¼ इंच लांब व ३⅛ इंच रुंद होतो. असा नेम असला म्हणजे व्यापाऱ्यानें केवळ क्रमांक कळवावा आणि कारखान्यानें माल पाठवावा, इतकें काम सोपें होतें.

ज्या १८६३ सालीं हें पेटंट झालें, तें साल अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या ऐन भराचें होतें. मुंबईच्या कापसाला ज्यानें सोन्याचा भाव आणून दिला, तेंच हें युद्ध. त्या वर्षाच्या नोव्हेंबर अखेरीस व्हर्जिनियांतील माइन रन ह्या ओढ्याकांठीं उत्तरेच्या सैन्यास शत्रूच्या भक्कम तटबंदीवर चाल करण्याचा हुकूम झाला. मरण निश्चित दिसत होतें. तेव्हां शिपायांनीं कागदाच्या कपट्यांवर आपापलीं नांवें लिहिलीं आणि तीं कोटांस टांचून घेतलीं. प्रेत सांपडलें तर तें कोणाचें हें घरीं कळावें, एवढीच इच्छा. सुदैवानें तो हल्ला ऐन वेळीं रद्द झाला. सैनिकानें गळ्यांत ओळखीचा बिल्ला घालावा, अशी सरकारी व्यवस्था त्या देशांत १९०६ सालीं झाली. त्या कपट्यांचा डेनिसनच्या चिठ्ठीशीं संबंध नव्हता. पण दोहोंच्या मुळाशीं असलेली भीति एकच होती, आणि ती म्हणजे वाटेंत ओळख हरवण्याची.

ह्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे, आणि ती सांगितल्यावांचून तो पुरा होणार नाहीं. कागद कापणें, छापणें, भोंक पाडणें हीं कामें यंत्रांकडे गेलीं. पण भोंकांत दोरा ओवण्याचें काम विसाव्या शतकाच्या आरंभींही घरोघरीं हातानें होत असे. दुहेरी दोरा भोंकांतून काढावयाचा आणि त्याचीं टोकें त्याच्याच फांसांतून ओढून घ्यावयाचीं. काम सोपें, म्हणून तें मुलांच्या वांट्यास आलें. बालमजुरीविरुद्ध झटणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या वतीनें लुइस हाइन हा छायाचित्रकार १९१२ सालीं बोस्टनच्या रॉक्सबरी भागांत हिंडला. एका घरांत त्याला अकरा, नऊ आणि सहा वर्षांचीं भावंडें चिठ्ठ्यांना दोरे ओवीत बसलेलीं आढळलीं. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, नऊ वर्षांची मुलगी दिवसाला ५,००० चिठ्ठ्या पुऱ्या करी, आणि तेवढ्याचे ३० सेंट मिळत. आदल्या रात्रीं तीं मुलें अकरा वाजेपर्यंत जागलीं होतीं. भोंकावरचा ताण ओळखणाऱ्या शतकास ह्या बोटांवरचा ताण ओळखण्यास पन्नास वर्षें लागलीं. हाइनच्या छायाचित्रांनीं लोकमत जागें होण्यास मोठी मदत झाली.

कामगारांच्या प्रश्नाकडे डेनिसन घराण्याच्या पुढच्या पिढींतही लक्ष गेलें, हें नमूद केलें पाहिजे. एलिफॅलेटचा नातू हेन्री डेनिसन ह्यानें फ्रेमिंगहॅम येथील कारखान्यांत १९११ सालीं कारभाराची सत्ता केवळ भांडवल गुंतविणाऱ्यांच्या हातीं न ठेवतां प्रत्यक्ष काम चालविणाऱ्यांकडे देण्याची योजना अमलांत आणली. १९१६ सालीं त्यानें, काम नसलेल्या दिवसांत कामगारांस आधार मिळावा म्हणून, निधि बाजूस काढला. अमेरिकेंतील कोणत्याही खाजगी कंपनीचा असा हा पहिल्यांपैकीं एक निधि होय. ताण जेथें पडतो तेथें आधार द्यावा, हें आजोबाचें सूत्र नातवानें माणसांस लावून पाहिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मालासाठीं निघालेली ही चिठ्ठी पुढें माणसांच्याही अंगावर आली. १९३९ च्या सप्टेंबरांत बॉम्बच्या भयानें इंग्लंडांतील शहरांतून पहिल्या कांहीं दिवसांतच सुमारें १५ लक्ष माणसें खेड्यांकडे हलविलीं गेलीं. त्यांत शाळकरी मुलें फार. प्रत्येक मुलाच्या कोटास नांवाची चिठ्ठी बांधलेली होती. १९४२ सालीं अमेरिकेच्या सरकारनें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या एक लक्षाहून अधिक लोकांस घरदार सोडावयास लावून छावण्यांत धाडलें, तेव्हां कुटुंबाचा क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या सामानास आणि त्यांच्या कोटांसही बांधल्या होत्या. चिठ्ठी तीच. पहिल्या प्रसंगीं ती मुलास घरीं परत आणण्यासाठीं होती. दुसऱ्या प्रसंगीं तिनें नांव असलेल्या माणसाचा क्रमांक करून टाकला.

पुढची कथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. मागचा कागद सोलतांच चिकटणारें लेबल स्टँटन ॲव्हरी ह्यानें १९३५ सालीं लॉस एंजलिस येथें काढलें. १९७४ च्या जूनमध्यें ओहायो संस्थानांतील एका दुकानांत वस्तूवरच्या काळ्या रेघा यंत्रानें प्रथम वाचल्या. १९९० सालीं ॲव्हरीची कंपनी व डेनिसनची कंपनी एक झाल्या, आणि आज त्या जोडनांवानें विद्युत्-लहरींनीं वाचतां येणाऱ्या चिठ्ठ्याही तयार होतात. हातानें लिहिलेला पत्ता आतां पुष्कळ ठिकाणीं यंत्रासाठींच लिहिला जातो.

इतकें होऊनही दोऱ्याची चिठ्ठी गेलेली नाहीं. कारखान्यांत, गुदामांत, दुरुस्तीच्या दुकानांत, रुग्णालयांत ती आजही दिसते, आणि तिच्या डोक्यावरची ती वाटोळी चकती अजून तशीच आहे. ती चकती लावण्यापूर्वीं कोणी तरी फाटलेल्या चिठ्ठ्या फेंकून न देतां, त्या कोठें फाटल्या हें निरखून पाहिलें असलें पाहिजे. मोठे शोध पुष्कळदां अशाच निरीक्षणांतून निघतात. वस्तु मोडली म्हणून तिला दोष देणारे पुष्कळ असतात. ती कोठें मोडली हें पाहणारा एखादाच निघतो, आणि त्याच्या हातून झालेलें काम नंतरच्या पिढ्या त्याचें नांवही न जाणतां रोज वापरीत राहतात.