भंडारा जिल्ह्यातील घरबांधणीत नैसर्गिक प्रकाश व वायुवीजन

नैसर्गिक प्रकाश व वायुवीजन म्हणजे दारे, खिडक्या, झरोके, अंगण व छप्पर यांच्या रचनेतून, विजेवर न विसंबता घरात उजेड आणि खेळती हवा राखण्याची पद्धत. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५° सेल्सिअसच्या आसपास पोहोचते, पावसाळ्यात हवा दमट होते आणि हिवाळ्याच्या रात्री गार असतात. त्यामुळे येथे एकच उपाय बारा महिने पुरत नाही.

पारंपरिक घर

झाडीपट्टीतील जुन्या घरांच्या भिंती जाड मातीच्या व छप्पर कवेलूंचे असे. मातीची भिंत उष्णता सावकाश शोषते, त्यामुळे भर दुपारीही माजघर तुलनेने थंड राहते. चुलीचा धूर आणि छपराखाली साचलेली गरम हवा कवेलूंच्या फटींतून बाहेर पडते. पुढच्या सपरीमुळे भिंतीवर थेट ऊन येत नाही. मात्र या घरांचे सरसकट गुणगान करणे योग्य नाही. खिडक्या लहान व मोजक्या असल्याने आतल्या खोल्यांत दिवसाही अंधार असे. त्यात दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्याची मेहनत आणि वानरांचा उपद्रव. साहजिकच लोक सिमेंटच्या स्लॅबकडे वळले.

सूर्य आणि दिशा

भंडारा शहर सुमारे २१° १०′ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र तो दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ४५° उंचीवरच राहतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा असल्यास उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, दोन्ही मिळतात. पश्चिमेचे कललेले ऊन छज्ज्याने अडत नाही. तेथे झाड, जाळी किंवा व्हरांडाच हवा. उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन छप्पर झेलते, त्यामुळे स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप देणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय ठरतो.

स्लॅबची घरे

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खोलीत सोडतो. एकाच भिंतीत खिडकी असल्यास ती बाहेर पडायला वाट उरत नाही. समोरासमोर उघडझाप करता येणाऱ्या खिडक्या आवश्यक असतात. उन्हाळ्यात त्या दिवसा बंद व रात्री उघड्या ठेवतात. कूलरलाही हाच नियम लागू पडतो. समोरून हवा बाहेर न गेल्यास खोली थंड होण्याऐवजी दमट होते.

नियम

केंद्र शासनाच्या ‘ईको निवास संहिता २०१८’ नुसार संमिश्र हवामानाच्या प्रदेशात, ज्यात नागपूरचा समावेश होतो, उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १२.५ टक्के असावे लागते. ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर असते. हेच प्रमाण त्याला लावल्यास सुमारे ३.१ चौरस मीटर उघडी जागा लागेल. एवढे लहान घरकुल संहितेच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे खिडकी कोठे आणि केवढी ठेवायची, हे बहुधा गावातील गवंडी व घरमालक मिळून ठरवतात.