नफका : देणगी की ऋण?

‘नफका’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ खर्ची पडणारे धन असा आहे; पतीने पत्नीस पुरवावयाचे अन्न, वस्त्र व निवास हा त्याचा शास्त्रीय अर्थ. (मराठीतील ‘नफा’ दिसावयास जवळचा, परंतु तो निराळ्या अरबी धातूपासून आला आहे.) पत्नी स्वतः धनवान असली तरी पतीचे हे कर्तव्य टळत नाही, याविषयी सुन्नी पंथांच्या शास्त्रकारांत सामान्यतः एकवाक्यता आहे. वाद आहे तो पुढचाच. पतीने वर्षभर काहीच दिले नाही, तर ती थकलेली पोटगी त्याच्यावरील ऋण ठरते काय?

हनफी पंथाचे उत्तर नकारार्थी आहे. मरघिनानी (मृत्यू इ. स. ११९७) याने ‘हिदाया’ या ग्रंथात असे प्रतिपादिले की, पत्नी पतीकरिता बद्ध राहते म्हणून तिचे पोषण त्याच्याकडे येते, लोककार्यात गुंतलेल्या काजीचा निर्वाह जसा सरकारी कोषातून चालावा, तसे हे आहे. परंतु हे कशाचे मोल नव्हे. त्याचे स्वरूप देणगीचे आहे. म्हणून काजीचा निवाडा अथवा उभयतांचा करार झालेला नसेल, तर गेलेल्या दिवसांची पोटगी बुडाली. इतकेच नव्हे, तर निवाड्याने ठरलेली बाकीही दोघांपैकी एकाच्या मृत्यूने सामान्यतः नष्ट होते.

शाफई पंथाने पोटगीस मोबदला मानले. त्यामुळे ती दररोज ऋण म्हणून साचत जाते. याच पंथाने अन्नाचे निश्चित माप ठरविले, हा योगायोग नसावा: श्रीमंताने प्रतिदिनी दोन मुद्द, मध्यमाने दीड, गरिबाने एक. (मुद्द म्हणजे साधारण एक ओंजळ.) ऋण मोजता आले पाहिजे. उलट हनफींनी अबू सुफ्यानच्या पत्नीचा, हिंदचा, आधार घेतला. पती कंजूष असल्याची तक्रार तिने केली, तेव्हा स्वतःस व मुलास रीतीप्रमाणे पुरेल इतके त्याच्या धनातून घेण्याची अनुज्ञा पैगंबरांनी तिला दिली. पुरेसेपणा हे माप ठरले की ते उद्याच्या भुकेस लागू पडते, कालच्या भुकेचा हिशेब त्यात बसविणे कठीण.

ज्या स्त्रीचा पती परागंदा झाला, तिला हा भेद प्रत्यक्ष भोगावा लागे. हनफी काजी तिला पतीच्या नावावर कर्ज काढण्याची आज्ञा देई. मात्र पोटगीअभावी विवाहविच्छेद देत नसे. शाफई व मालिकी पंथांत विच्छेदाची वाट होती.

हिंदुस्थानात ‘हिदाया’चे चार्ल्स हॅमिल्टनकृत इंग्रजी भाषांतर १७९१ साली निघाले व न्यायालयांत हनफी मतास प्राधान्य राहिले. कलकत्ता उच्च न्यायालयाने १८८१ साली मागील पोटगीचा दावा अमान्य केला, तर मद्रासने १९१८ साली शाफई पक्षकारांच्या प्रकरणी ती देय मानली. कोकणी मुसलमान बहुधा शाफई असल्याने तत्त्वतः तेही या दुसऱ्या नियमात मोडतात. ईजिप्तमध्ये न्यायालये हनफी असूनही १९२० च्या कायद्याने, पतीने पोटगी नाकारल्या दिवसापासून ती निवाड्याविना ऋण ठरविली. हिंदुस्थानच्या १९३९ च्या कायद्याने मालिकी मताचा आश्रय करून, दोन वर्षे पोटगी न देणे हे विवाहविच्छेदाचे कारण मानले. त्या दोन वर्षांच्या बाकीविषयी मात्र त्यात एक शब्दही नाही.